पिकअपला गाडी फटफटते? सहाशे रुपयांच्या ब्लूटूथ स्कॅनरचा खरा उपयोग

एक्सलरेटर दाबला की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येतो, गाडी हलके झटके खाते आणि पिकअप जातो. अशी पेट्रोल गाडी गॅरेजला गेली की बऱ्याच ठिकाणी आधी चारही प्लग बदलतात, मग कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग), मग इंजेक्टर साफ करतात, आणि आवाज तसाच राहतो. हा अंदाजपंचे खर्च थांबवायला ईएलएम३२७ जातीचा छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारी डबी) जरूर घ्यावा. ऑनलाइन ५०० ते १,००० रुपयांत मिळतो. कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्याच्या गावी आणि गाडी गेवराईला किंवा कळमनुरीला असेल, तर तो पहिल्याच वापरात वसूल होतो.

घेताना एक काळजी घ्या. वरून सारख्याच दिसणाऱ्या डबीत आतली चिप वेगळी असते. ‘२.१’ छापलेले अनेक नकली स्कॅनर अर्ध्या कमांडना उत्तरच देत नाहीत, म्हणून ‘१.५’ मागा आणि परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहूनच घ्या. आयफोनला साधा ब्लूटूथवाला चालत नाही, त्यासाठी वायफायचा किंवा ब्लूटूथ ४.० (बीएलई) वाला लागतो. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हे प्रदूषणाचे नियम देशभर लागू झाले. त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनचं सॉकेट असतंच. जोडणीचा पिन बहुधा १२३४ किंवा ००००, आणि अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप पुरतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कोणता सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे पेट्रोल पेटवायचं चुकतोय, ते कळतं. पी०३०१ ते पी०३०४ या कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आला. इंजिन थंड करा, इग्निशन बंद ठेवा आणि २ नंबरची कॉइल ३ वर, ३ ची २ वर लावा. कोड पुसा आणि गाडी चढावर, वरच्या गिअरमध्ये, दाबून चालवा. कन्नडचा घाट किंवा मांजरसुंब्याचा चढ जवळ असेल तर उत्तम, कारण अशक्त कॉइल सपाटीवर निभावून नेते आणि लोडवर उघडी पडते. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली, एकच बदला. कोड २ वरच राहिला तर त्याच पद्धतीने प्लग फिरवून बघा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन.

प्लग काढलाच आहे तर उजेडात धरून पांढरी पोर्सेलिन नीट बघा. तिच्यावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ असेल, तर ठिणगी प्लगच्या टोकांमधली गॅप सोडून बाहेरून पळतेय. बहुतेक वेळा कॉइलच्या रबरी बुटातही तशीच रेघ दिसते. नुसता प्लग बदलून भागत नाही, जुना बूट नवा प्लगही आठवड्यात खराब करतो. गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बऱ्याच गाड्यांत तो ०.८ ते १.१ मिमी असतो, पण मॅन्युअलमधलाच आकडा धरा. इरिडियम प्लगचं टोक मात्र घासू नका, वाकवू नका.

मिसचा कोड नसेल पण पी०१७१ असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. आता ॲपवर फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शॉर्ट टर्म (क्षणाचा) आणि लाँग टर्म (साठलेला) या दोन ट्रिमची बेरीज ±१० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला (गाडी उभी, एक्सलरेटर न दाबता) ट्रिम +२० आणि २,५०० आरपीएमला जवळपास शून्य, म्हणजे हवा कुठूनतरी आत शिरतेय. उन्हाळ्यातल्या ४२-४३ अंशांत इंजिनवरचे व्हॅक्यूमचे रबरी पाइप तडकतात, आधी तेच चाचपा. उलट आयडलला ठीक आणि चढावर वाढत जात असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा धुळीने माखलेला एअर फ्लो सेन्सर. पंपाचा प्रेशर मात्र हा स्कॅनर बहुतेक साध्या गाड्यांत दाखवत नाही, कारण त्यांच्या रेलला (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीला) सेन्सरच नसतो. त्यासाठी प्रेशर गेज असलेला मिस्त्रीच लागतो. एअर फ्लो सेन्सरऐवजी एमएपी सेन्सर (आत शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) असलेल्या गाड्यांत हवेची गळती ट्रिममध्ये तितकी दिसत नाही, तिथे आयडलचा आरपीएम चढलाय का ते बघा.

सीएनजीवाल्यांनी सगळं रीडिंग आधी पेट्रोलवर घ्यावं. पेट्रोलवर आवाज गेला म्हणून लगेच किटला दोष देऊ नका. सीएनजी पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर चालतो आणि गॅसवर मिस मारतो. प्लग-कॉइल तपासूनच फिल्टर आणि रिड्युसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) वळा.

कोड एकही नाही, ट्रिम ठीक आणि आवाज मात्र चालू, अशा वेळी स्कॅनर बाजूला ठेवा. फटफट थंड इंजिनवर जास्त आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून धूर सुटतोय. थंड गाडी चालू करून जाड फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा, गळती फुसफुसते. वळणावर एक्सलरेटर देताना कट् कट् येत असेल तर तो इंजिनचा आवाजच नव्हे. सीव्ही जॉइंटचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट फाटून आत माती गेलेली असते. चाकामागे ग्रीस उडालेलं दिसलं की खात्री झाली.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दाबू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं, आणि तो भाग प्लग-कॉइलच्या कितीतरी पट महाग आहे.

दोन उणिवा आहेत. हा स्कॅनर आकडे सावकाश देतो, म्हणून ॲपवर एका वेळी तीन-चारच गेज ठेवा, नाहीतर क्षणभराचा मिस निसटतो. आणि काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. त्याला बॅटरीचा थेट करंट मिळतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.