नोकरी सुटल्यावर ग्रुप मेडिक्लेमची स्वतःची पॉलिसी करून घेतली: आठ महिन्यांचा अनुभव

वाळूजच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम (मालकाने कामगारांसाठी काढलेला आरोग्य विमा) त्याच विमा कंपनीच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत, वळवून आता आठ महिने झाले. याला मायग्रेशन म्हणतात. निर्णय योग्य ठरला, पण दोन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

पहिलं ठिकाण तारखेचं. ग्रुपचं कव्हर सहसा कामाच्या शेवटच्या दिवशीच संपतं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, व्हायला बरेचदा वेळ लागतो आणि "रिलीव्हिंग लेटर आलं की बघू" म्हणणारे तोवर उघडे पडतात. खंड पडला की प्रतीक्षा काळात (काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत) धरली जाणारी जुनी वर्षं हातची जातात. म्हणून अर्ज नोटीस पिरियडमध्येच टाका, शक्यतो 30 दिवस आधी. कंपनीचा मेल बंद होण्याआधी ई-कार्ड, प्रत्येक वर्षाचं सदस्य प्रमाणपत्र आणि क्लेमची माहिती स्वतःच्या मेलवर घ्या. मधल्या काळात मालकाने विमा कंपनी बदलली असेल तर आधीच्या वर्षांचाही पुरावा लागतो. एचआरकडे तो नंतर मागितला तर सापडेलच असं नाही.

मंजुरी हमखास नसते. वय आणि आजार बघून तपासण्या मागतात, प्रीमियम वाढवतात, कधी नकारही देतात. तरीही बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर लिहा. ग्रुपमध्ये कुणी विचारलेलं नसतं म्हणून लोक इथेही गप्प बसतात आणि पुढे क्लेम नेमका त्यावरच अडतो.

दुसरं ठिकाण पॉलिसीचं शेड्यूल. प्रत्येक सदस्याच्या नावापुढे विमा सुरू झाल्याची पहिली तारीख असते. तिथे ग्रुपची जुनी तारीख हवी. आजचीच छापली असेल तर प्रतीक्षा काळ शून्यापासून धरला, असं समजा आणि लेखी दुरुस्ती मागा. आईवडिलांच्या ओळी वेगळ्या तपासा, चूक बहुधा तिथेच निघते. मायग्रेशनच्या पॉलिसीला फ्री-लूकची, म्हणजे पसंत नसल्यास पॉलिसी परत करण्याची, मुदत सहसा मिळत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधीच मसुदा मागवून वाचलेला बरा.

हिशेब असा. आधीपासूनच्या आजारांना आता जास्तीत जास्त 3 वर्षांची प्रतीक्षा लावता येते. ग्रुपमध्ये सलग 2 वर्षं झाली असतील तर उरतं 1 वर्ष. पण ही सूट जुन्या रकमेपुरतीच. ग्रुप 3 लाखांचा होता आणि नवी पॉलिसी 10 लाखांची घेतली, तर वरच्या 7 लाखांना पूर्ण 3 वर्षं थांबावं लागतं. ग्रुपमध्ये जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते, बाळंतपणाचा खर्च मिळत होता, हे फायदे सोबत येत नाहीत. येतो तो फक्त काढलेला काळ.

प्रीमियम आता पूर्ण आपल्या खिशातून. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, म्हणून जुन्या कोटेशनमधले 18 टक्के धरू नका. पत्ता बीड किंवा जालन्याचा असेल तर अनेक कंपन्यांत प्रीमियम पुण्या-मुंबईपेक्षा कमी पडतो, कारण त्या शहरांचे झोन (गट) पाडून दर ठरवतात. मात्र काही पॉलिसींत वरच्या झोनमधल्या दवाखान्यात भरती झालं की बिलाचा ठरावीक टक्का रुग्णाला भरावा लागतो. आपल्या मराठवाड्यातलं मोठं दुखणं पुण्याला किंवा सोलापूरला जातं, नांदेडकडचं हैदराबादला. हे कलम आणि त्या शहरांतल्या कॅशलेस दवाखान्यांची यादी सहीआधीच बघा. झोन वाढवायला थोडे जास्त पैसे पडले तरी आईवडील गावाकडे असणाऱ्यांनी ते द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा कंपनी पसंत नसेल तरी आधी मायग्रेशनच करा. वर्षभराने नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी दुसरीकडे पोर्टिंगचा (विमा कंपनी बदलण्याचा) अर्ज देता येतो, आणि तेव्हा जुनी वर्षंही सोबत जातात.

21,000 रुपयांच्या आतल्या पगारावर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) असणाऱ्यांना हा मार्ग नाही. त्यांनी नोकरी सुटताच आपला लाभ कालावधी कुठवर आहे ते शाखेत विचारून घ्यावं आणि तो संपायच्या आत स्वतंत्र पॉलिसी काढावी, कारण नव्या पॉलिसीत प्रतीक्षा काळ शून्यापासून मोजला जातो.