टूलची मांडणी: हाताने, सगळे क्रम तपासून की ॲनीलिंगने?

CNC मशीनच्या मॅगझीनमध्ये कोणतं टूल कोणत्या पॉकेटात (टूल ठेवायच्या जागेत) ठेवायचं हे ठरवायचं, तर आधी टूल चेंजर (टूल आपोआप बदलणारी यंत्रणा) कोणता ते बघा. आर्म टाइपमध्ये (एक हात दोन टूलची अदलाबदल करतो) कटिंग चालू असतानाच पुढचं टूल तयार ठेवता येतं. प्रोग्रॅममध्ये M06 (टूल बदलण्याची आज्ञा) नंतर लगेच पुढचा T (टूल नंबर) लिहा. कट मॅगझीन फिरण्याच्या वेळेपेक्षा लांब असेल, तर पॉकेट बदलून काहीच हाती लागत नाही. शिवाय बहुतेक आर्म मशीनवर टूल दर बदलाला वेगळ्या पॉकेटात जातं, त्यामुळे केलेली मांडणी टिकतच नाही.

अंब्रेला टाइपमध्ये (आर्म नसतो, टूलचा ड्रमच स्पिंडलपाशी येतो) मात्र ड्रम फिरेपर्यंत स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा भाग, थांबून राहतं. समजा 16 पॉकेटच्या ड्रमवर तीन ड्रिल पॉकेट 1, 2, 3 मध्ये आणि चॅम्फर टूल (भोकाची कडा तिरकी करणारं) 8 मध्ये आहे. प्रत्येक ड्रिलनंतर चॅम्फर. पुढच्या जॉबसाठी पहिल्या ड्रिलवर परत येणं धरून एका जॉबला 36 पॉकेटांचं फिरणं होतं. चॅम्फर 2 मध्ये आणि ड्रिल 1, 3, 4 मध्ये ठेवली की 8 उरतात. पॉकेटला 0.4 सेकंद धरले, तर जॉबमागे 11.2 सेकंद वाचतात.

एवढं हातानेच जमतं: ज्या जोड्या वारंवार येतात त्या शेजारी. प्रत्येक टूल एकदाच लागत असेल, तर वापराच्या क्रमाने लावा, गणित नकोच.

8 टूल, 16 पॉकेट असतील तर एक टूल स्थिर धरून 3,24,32,400 मांडण्या होतात. संगणक त्या सगळ्या तपासतो आणि उत्तर पक्कं मिळतं. ड्रम पूर्ण भरला की हाच आकडा 1.3 लाख कोटींवर जातो. तिथे सिम्युलेटेड ॲनीलिंग घ्यावं: दोन टूलची अदलाबदल करत जायचं, सुरुवातीला वाईट बदलही अधूनमधून स्वीकारायचे. सर्वोत्तमाची हमी नाही, म्हणून वेगवेगळ्या सुरुवातींपासून दहा वेळा चालवा. आमची पसंती यालाच, कारण अटी घालणं सोपं: मोठ्या फेस मिलच्या (सपाट पृष्ठभाग कापणाऱ्या रुंद टूलच्या) शेजारची पॉकेट रिकामी, जड टूल ड्रमच्या एकाच बाजूला नकोत.

फिरण्याचा वेळ मात्र मोजूनच भरा. 1, 2, 4 आणि 8 पॉकेटांसाठी स्टॉपवॉच लावा. वेग घेण्यात आणि थांबण्यात वेळ जातो, म्हणून 8 पॉकेटांना एकाच्या आठपट लागत नाही. ड्रम एकाच दिशेने फिरत असेल, तर जाण्या-येण्याचे वेळ वेगळे धरा.

सगळ्यात महागडी चूक नंतर होते. अंब्रेलावर T म्हणजेच पॉकेट नंबर, त्यामुळे टूल हलवलं की प्रोग्रॅममधले T, H (टूलच्या लांबीचा ऑफसेट नंबर) आणि D (त्रिज्येचा) तिन्ही बदलायला हवेत. H जुना राहिला तर लांबी दुसऱ्याच टूलची लागते आणि टूल जॉबमध्ये घुसू शकतं. पहिला जॉब Z 100 मिमी वर उचलून, सिंगल ब्लॉकमध्येच (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत) चालवा.