सोलापूर शहर, गावठाण की वस्ती: घरचं नेट कुठे किती धावतं

पुण्याच्या कंपनीनं घरून कामाला हो म्हटलंय, गावी आई-वडील दोघंच आहेत, म्हणून सोलापूरला परतायचं घाटत असतं. जुळे सोलापुरात फ्लॅट भाड्यानं घ्यायचा की मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या आपल्या घरी राहायचं? चर्चा फार लांबत नाही, कारण कुणीतरी विचारतंच: "गावाकडं नेट चालंल का?"

चालतं, पण नेमकं कुठल्या घरात ते आधी सांगा. नेटच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यात शहर आणि गावठाण यांच्यात आता फारसं अंतर उरलेलं नाही. खरं अंतर गावठाण आणि रानातली वस्ती यांच्यात आहे. गावापासून दोन किलोमीटरवर शेतात बांधलेल्या नव्या बंगल्यापेक्षा वेशीच्या आतल्या जुन्या घरात कितीतरी बरं नेट मिळू शकतं.

शहराचं थोडक्यात. विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता या भागांत एकेका इमारतीत दोन-तीन कंपन्यांचं फायबर (काचेच्या धाग्याची केबल) असतं, शिवाय पूर्वीचा केबलवाला आता नेटही देतो. 100 एमबीपीएसचा (मेगाबिट प्रतिसेकंद, नेटच्या वेगाचं माप) प्लॅन घेतला तर दुपारी टेस्टमध्ये नव्वदच्या पुढं आकडा दिसतो. रात्री जेवणं उरकल्यावर तो खाली येतो. कारण साधं आहे. नेहमीच्या जीपॉन फायबरमध्ये, म्हणजे एकच धागा अनेक घरांत वाटायच्या पद्धतीत, एका धाग्यावरचे सुमारे 2.5 जीबीपीएस (2500 एमबीपीएस) साधारण 32 किंवा 64 घरांत वाटलेले असतात, आणि केबलवाल्यानं वरून घेतलेली बँडविड्थच (एकूण वेगाची क्षमता) तोकडी असेल तर कोंडी आणखी वाढते. रस्त्याची खोदाई निघाली की केबल तुटते, जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरच्या लोंबत्या वायरी हलवाव्या लागतात. पण एकाचं नेट वारंवार बंद पडलं तर दुसऱ्याला बोलावता येतं. मला शहराचा खरा फायदा हाच वाटतो.

आता गावठाण. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. त्या फायबरवरून किंवा तालुक्याच्या ऑपरेटरनं स्वतः खांबाखांबांवरून ओढलेल्या केबलवरून घराघरांत जोडण्या मिळतात. जिथं ही केबल दारापर्यंत आली आहे तिथं 50 किंवा 100 चा प्लॅन शहरासारखाच चालतो. गाव लांब आहे म्हणून नेट हळू, ही समजूत सोडून द्यावी. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला 5 मायक्रोसेकंद लागतात. सोलापूरपासून 40 किलोमीटरवरच्या गावाला जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंदही जास्त लागत नाही. मीटिंगमध्ये समोरच्याला ते कळणारही नाही.

कळतं ते केबल तुटल्यावर. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसानं उंच भरलेल्या ट्रॉल्या गल्लीतून जातात आणि खाली झुकलेली केबल ओढून नेतात. घरातल्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागतो. फायबर जोडायचं काम पकड आणि चिकटपट्टीवर भागत नाही. काच सोलून, पुसून, सरळ कापून, स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं वितळवून जोडावी लागतात. हाताला सरावलेला माणूस ते काही मिनिटांत करतो, पण तो आणि त्याचं मशीन तालुक्याच्या गावी असतं आणि त्याच्याकडं अशी पाच-दहा गावं असतात. म्हणून गावात जोडणी घेताना प्लॅनच्या आधी विचारायचं ते एवढंच: मागच्या हंगामात केबल तुटली तेव्हा माणूस कधी आला होता? हे ऑपरेटरला विचारू नका, त्याच लाईनवरच्या शेजाऱ्याला विचारा.

"गावात ब्रॉडबँड आलंय" एवढ्यावरही विसंबू नका. सरकारी व्याख्येत 2023 पासून किमान 2 एमबीपीएस असलं की ते ब्रॉडबँड. त्याआधी 512 केबीपीएसलाही तेच नाव होतं!

वस्तीवर बहुतेकदा फायबर पोहोचलेलं नसतं. दोन घरांसाठी वीस खांब कोण टाकणार? मग 2023 पासून बाजारात आलेलं एअर फायबर उरतं. छतावर अँटेना, ती टॉवरकडून 5जी घेते, खाली राउटर. टॉवर जवळ असेल आणि मध्ये दाट चिंच किंवा कडुनिंब नसेल तर ते झकास चालतं, डाउनलोड शहराच्या तोडीचं मिळतं. अडचण अपलोडची आहे. 5जीमध्ये बराचसा वेळ डाउनलोडलाच दिलेला असतो, त्यामुळं सिनेमा न अडकता दिसतो, पण तुम्ही मीटिंगमध्ये बोलायला लागलात की तुमचाच चेहरा गोठतो. फायबरवर बहुधा दोन्हीकडं सारखाच वेग मिळतो. डेटाची मर्यादाही बघा. फायबरच्या प्लॅनमध्ये महिन्याला 3300 जीबी सर्रास मिळतात, एअर फायबरमध्ये साधारण 1000 जीबी. एकट्याच्या कामाला तेवढे पुरतात. घरात दिवसभर टीव्ही नेटवर चालत असेल तर हिशोब करा.

आणि वीज. गावठाणाच्या फीडरवर (वीज पुरवणाऱ्या मुख्य लाईनवर) ती बऱ्यापैकी टिकते. वस्तीचं कनेक्शन शेतीच्या फीडरवर असेल तर थ्री फेज आठ तासांच्या पाळीनं येतो, कधी दिवसा कधी रात्री. बाकीच्या वेळी सिंगल फेज कुठं मिळतो, कुठं नाही. फायबरचा राउटर 12 व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तग धरतो. एअर फायबरला छतावरचं युनिट आणि आतला राउटर अशी दोन उपकरणं चालवायची असतात, तिथं घरचा इन्व्हर्टरच धरून चाला. तो खर्च नेटच्या बिलात दिसत नाही, पण नेटचाच असतो.

वेग किती हवा, यावर लोक उगाच डोकं शिणवतात. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ मीटिंगला दोन्हीकडं 4 एमबीपीएस पुरतात, एचडी व्हिडिओला 5, फोरके टीव्हीला 25. चौघांच्या घराला 50 भरपूर. फाइल उतरवताना 100 च्या प्लॅनवर 12 चा आकडा दिसला तर भांडायला जाऊ नका. तो एमबी, म्हणजे मेगाबाइट, प्रतिसेकंद असतो आणि प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट.

माळवदाच्या घरात राहणार असाल तर एक वेगळंच. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही. ओसरीत राउटर ठेवून आतल्या खोलीत वेग मोजायचा आणि कंपनीला शिव्या घालायच्या, हे बरेच जण करतात. कामाच्या खोलीपर्यंत सरळ लॅनची केबल ओढा, खर्च किरकोळ आहे.

कुणी काय करावं? रोज मीटिंगा असतील आणि गावठाणात फायबर दारापर्यंत असेल तर केवळ नेटसाठी जुळे सोलापुरात भाडं भरू नका. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, ट्रॉली केबल घेऊन गेली की दोन दिवस हॉटस्पॉटवर निघतात. घर वस्तीवर असेल तर आधी फोनमध्ये त्या कंपनीचं 5जी सिम घालून छतावर उभे राहा आणि सकाळी, रात्री नऊला आणि वीज गेलेली असताना, अशा तीन वेळा अपलोड मोजा. वीज गेल्यावर रेंजही जात असेल तर टॉवरची बॅटरी दमलेली आहे. मग तुमच्या इन्व्हर्टरचा काही उपयोग नाही, शहरातच खोली बघा. फोनवर अपलोड 10 च्या पुढं टिकला तर एअर फायबर घ्यायला हरकत नाही, पण पैसे महिन्याचेच भरा. सहा महिन्यांची सवलत ऐकायला गोड वाटते, पण ती एक हंगाम पार पडल्यावर घ्यावी.