ली-एनफील्ड, मोसिन की माउझर: काडतूस अडकले तर दुरुस्ती कुठली सोपी?

काडतूस तिन्हींत अडकते. जुनी लष्करी रायफल घ्यायची असेल तर कोणती किती वेळा अडकते याच्या मागे फार लागू नका. बिघाड कुठल्या भागात असतो आणि तो भाग बदलता येतो का, एवढे आधी पाहा. ली-एनफील्डचा बिघाड बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असतो आणि मॅगझिन काढून हातात घेता येते. मोसिन-नागांतचा इंटरप्टर नावाच्या एका लहानशा पोलादी भागात असतो. माउझर ९८ सहसा बिघडत नाही, पण कॅलिबर बदललेली, म्हणजे दुसऱ्या काडतुसासाठी केलेली असेल तर दोष थेट रिसीव्हरपर्यंत (ज्यात बोल्ट चालतो तो रायफलीचा मुख्य धातूचा सांगाडा) पोचलेला असू शकतो.

तपासणी डमी, म्हणजे दारू नसलेल्या नकली काडतुसांनीच करावी. खरी काडतुसे त्या टेबलावरच नकोत. डमीची लांबी आणि गोळीच्या नाकाचा आकार खऱ्यासारखा हवा, नाहीतर निदान चुकते. कमाल लांबी ली-एनफील्डच्या .303 ची सुमारे 78 मिमी, मोसिनच्या 7.62×54 आर ची 77 आणि माउझरच्या 7.92×57 ची 82. मॅगझिन पूर्ण भरा आणि बोल्ट एकदा सावकाश, एकदा जोरात चालवा. दोष कधी सावकाश चालवताना दिसतो, कधी फक्त जोरात.

ली-एनफील्डची प्रसिद्ध अडचण म्हणजे रिम अडकणे. .303 च्या बुडाला बाहेर आलेली रिम, म्हणजे कड असते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या मागे गेली, तर वरचे पुढे सरकताना खालच्यालाही ओढते आणि बोल्ट मध्येच घट्ट थांबतो. इथे रायफलीचा दोष नसतो, भरण्यात चूक असते. एकेक काडतूस भरताना प्रत्येक नव्याची रिम खालच्याच्या पुढे बसवा. पाचाच्या चार्जरमध्ये (काडतुसे एकदम भरायची धातूची पट्टी) रिमा एकाआड एक वर-खाली रचायच्या, म्हणजे चार्जर कुठल्याही बाजूने लावला तरी चालतो.

भरणी बरोबर असूनही अडकत असेल तर मॅगझिन खालून हाताने वर दाबून धरा आणि बोल्ट चालवा. अडचण गेली, तर मॅगझिन खाली बसते आहे: मॅगझिन धरून ठेवणारा खटका झिजलेला आहे किंवा मॅगझिन दुसऱ्याच रायफलीचे आहे. ली-एनफील्डच्या नंबर 1 आणि नंबर 4 या मॉडेलांची मॅगझिन वेगळी असतात, आणि एकाच मॉडेलमध्येसुद्धा ती त्या-त्या रायफलीला जुळवून बसवलेली असत. काडतूस नाक वर करून उसळत असेल तर लिप्स, म्हणजे काडतूस धरणाऱ्या मॅगझिनच्या वरच्या कडा, फाकलेल्या आहेत. नाक खाली जाऊन समोरच्या भिंतीला ठोकत असेल तर स्प्रिंग थकलेली किंवा प्लॅटफॉर्म (काडतुसे वर ढकलणारी पट्टी) अडलेला. प्लॅटफॉर्म काढायला त्याची मागची बाजू खाली दाबा, पुढचे टोक वर येऊन सुटते. आतला वाळलेला ग्रीस पुसण्याने किती मॅगझिन सुधारतात ते पाहून नवल वाटेल. लिप्स वाकवायच्याच असतील तर गुळगुळीत तोंडाच्या पक्कडने, एका वेळी एकच बाजू, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकीच, आणि दर वेळी डमीने चाचणी. तेच पोलाद पुन्हा पुन्हा वाकवले की तडकते. कुठली बाजू घ्यायची ते डमीच्या पितळेवर उठलेला ताजा ओरखडा सांगतो.

रिमचा प्रश्नच नको असेल तर 1960 च्या दशकात इशापूरला बनलेली 2ए1 ही ली-एनफील्ड पाहा. ती 7.62×51 ची आहे, काडतूस रिमविना, मॅगझिन 12 चे. मात्र मॅगझिन तिचेच हवे, .303 चे चालवू नका.

मोसिनमध्ये (1891) पाच काडतुसे एकावर एक बसतात. वरचे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) जाईपर्यंत दुसऱ्याला खाली दाबून ठेवण्याचे काम इंटरप्टर करतो. बोल्टचा दांडा खाली वळला की इंटरप्टर बाजूला होतो आणि पुढचे काडतूस वर येते. म्हणून दोन काडतुसे एकदम वर येत असतील तर इंटरप्टर झिजलेला किंवा वाकलेला समजा. पुढचे वरच येत नसेल तर आधी दांडा पूर्ण खाली वळवला होता का ते पाहा, मग इंटरप्टरच्या खोबणीत साचलेले कॉस्मोलिन (गंज टाळायला लावलेले घट्ट ग्रीस) आणि रिसीव्हरच्या डाव्या बाजूचा स्क्रू. नंतरच्या रायफलींत इजेक्टर (काडतूस बाहेर फेकणारा भाग) आणि इंटरप्टर सुटे असतात, त्यामुळे फक्त खराब झालेला तुकडा बदलता येतो. नवा तुकडा थोडा घासून जुळवावा लागू शकतो.

माउझर ९८ चे काडतूस रिमविना असते आणि मॅगझिनमधून वर येतानाच त्याचे बूड एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे काडतूस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखाली सरकते. मूळ अवस्थेतली रायफल म्हणूनच इतकी भरवशाची वाटते. काडतूस सरळ चेंबरमध्ये टाकून बोल्ट रेटू नका, नख तुटू शकते. घर्षण किंवा अडखळ जाणवली तर खालचे दोन गार्ड स्क्रू तपासा. ते ढिले असले किंवा दस्त्याचे लाकूड आकसलेले असले की मॅगझिनची पेटी जागेवर राहत नाही आणि बोल्ट काडतुसावरून निसटतो. प्लॅटफॉर्म उलटा बसवलेलाही सापडतो.

7.62×51 काडतुसासाठी बदललेली माउझर वेगळ्या डोळ्याने पाहा. 82 मिमीसाठीच्या पेटीत 71 मिमीचे काडतूस पुढे-मागे हलते. पेटीत जागा भरणारा ठोकळा आहे का, ते विचारा. रिसीव्हरच्या फीड रेल (काडतूस चेंबरकडे नेणाऱ्या कडा) कुणी कानशीने घासल्या असतील तर ते धातू परत येत नाही. रेलवर मूळ फिनिशऐवजी कोरी चमक दिसली की सौदा तिथेच थांबवावा.

स्वतः हात घालून शिकायचे असेल तर ली-एनफील्ड घ्या, आणि शक्य असेल तर चालणारे दुसरे मॅगझिन त्याच वेळी त्याच रायफलीत बसवून तपासून घ्या. हात लावायचाच नसेल तर न बदललेली माउझर. मोसिन घ्यावी ती इंटरप्टर समोर तपासल्यावरच: पाच डमी भरा, प्रत्येक वेळी दांडा पूर्ण खाली वळवून सगळी बाहेर काढा, आणि हेच सलग चार-पाच वेळा करा.