'टेन फिफ्टी टीआय' म्हणून गळ्यात मारलेलं कार्ड

ग्राफिक कार्डाचे ५,८००, एसएमपीएसचे (मशीनला वीज पुरवणारा डबा) १,७५०, वायरीचे ४००. एकूण ७,९५० रुपये मी पुण्यातल्या एका दुकानात मोजले. वर कोल्हापुरात आमच्या मेकॅनिकने बसवायचे ३०० घेतले. झाले ८,२५०. आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड म्हणून हातात काय आलं, तर २०११ च्या जमान्यातली चिप. भाकड म्हशीची शिंगं घासून, तेल लावून तिला बाजारात उभी करतात ना, तसला प्रकार. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार दाखल आहे आणि वकील मित्राने तोंड आवरायला सांगितलंय. पण पद्धत लिहायला कुणाची बंदी नाही.

खोटी कार्डं बाजारात फिरतात हे ऐकून सगळ्यांनाच असतं. मलाही होतं. जुन्या कार्डाचा बायोस, म्हणजे आतला मूळ प्रोग्राम, बदलायचा, फॅनवर नवं स्टिकर मारायचं, की १ जीबीचं कार्ड ४ जीबी म्हणून मिरवायला मोकळं. पण ते परदेशी वेबसाइटवर, नाहीतर बिनचेहऱ्याच्या ऑनलाइन विक्रेत्यांकडे होतं अशी माझी समजूत. म्हणून तर मुद्दाम गाडीभाडं घालून दुकानात गेलो. डोळ्यांनी बघून, चालवून घेतलं. तरी फसलो. तेव्हा "ऑनलाइन घेतलं असशील, भोग मग" असं कृपा करून कुणी शिकवू नका.

माझं मशीन डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, मिनी टॉवर, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह. कंपन्यांच्या लॉटमधून निघालेले हे डबे हल्ली गावोगाव आहेत. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न झालं की घरी कामाचा ढीग, आणि आता प्रत्येकाला ड्रोन शूट फोर-के मध्येच पाहिजे. नुसत्या प्रोसेसरवर एक व्हिडिओ एक्स्पोर्टला लावायचा आणि जेवून, झोपून उठायचं. नवीन मशीन परवडत नाही, म्हणून कार्ड.

अशा तयार डब्यांची खरी अडचण एसएमपीएसची असते. यातला २९० वॅटचा, आणि ग्राफिक कार्डाला लावायची सहा पिनची वायर त्याला नसतेच. म्हणूनच लोक जीटीएक्स १०५० टीआय शोधतात. ते ७५ वॅटमध्ये भागवतं, आणि तेवढे वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. वेगळी वायर नको, एसएमपीएस बदलायला नको. हे सगळं मी वाचून, चार जणांना विचारून गेलो होतो.

दुकानदाराने कार्ड काढून दाखवलं, तर त्याला सहा पिनचा सॉकेट. मी विचारलं, "याला वायर कशाला?"

"दादा, हे ओसी एडिशन आहे. साध्यापेक्षा फास्ट."

आता याला खोटं कसं म्हणणार? काही खऱ्या १०५० टीआयनाही सहा पिन असते, मी पाहिलेली होती. पुढचं ओघानेच आलं. तुमचा एसएमपीएस पुरणार नाही, हा ४५० वॅटचा घ्या, १,७५०. तुमच्या डेलच्या बोर्डाला चोवीस पिन नाही, आठ पिन लागते, ही कन्व्हर्टर वायर घ्या, ४००. यातलं आठ पिनचं खरं आहे, या मॉडेलला तशीच लागते. त्यामुळे माणूस जाणकार वाटला. अर्धं खरं बोलणारा चोर फार महाग पडतो.

आणि मग तो क्षण, जो आठवला की अजून रात्री कूस बदलतो. कार्डाच्या मागच्या पट्टीवर एचडीएमआय होतं, डीव्हीआय होतं, आणि शेजारी निळा, पंधरा भोकांचा व्हीजीए पोर्ट. माझा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीए. घरून निघतानाच हिशेब केलेला की कन्व्हर्टरचे अडीचशे-तीनशे जाणार. तो पोर्ट बघून मला चक्क आनंद झाला हो! दुकानदारानेही तेच ताडलं. म्हणाला, "बघा, डायरेक्ट लागेल तुमचा मॉनिटर, कन्व्हर्टरचे पैसे वाचले."

टेन सिरीजच्या, म्हणजे १०५० टीआयच्या पिढीतल्या, जीफोर्स कार्डांना व्हीजीए नसतोच. २०१६ साली ही कार्डं आली तेव्हा एनव्हिडियाने त्यांतून व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला. १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट दिसला की पुढे काही तपासायचंच नाही, दुकानातून बाहेर पडायचं. ते खोटं आहे. पण मी याआधी मित्राच्या ७५० टीआयला व्हीजीए पाहिला होता. तिथे आहे तर इथेही असेल, असं कुणालाही वाटलं असतं. ज्याला वाटलं नसतं त्याने हात वर करावा.

चालवून दाखवलं ते त्याच्या मशीनवर. विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. एक गाण्याचा व्हिडिओ लावला, झाली टेस्टिंग. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी. सोबत पेन ड्राइव्हमधून ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कॉपी करून दिला आणि बजावलं, "हाच टाका, नेटवरचा टाकू नका, कार्ड बिघडेल." कुठलाही विक्रेता कंपनीचा मूळ ड्रायव्हर टाकू नका म्हणाला तर समजा, त्या ड्रायव्हरमध्येही हात घातलेला आहे.

बिलाचं विचारलं तर पक्क्या बिलाला १८ टक्के जीएसटी वर, म्हणजे १,४३१ रुपये. मी कच्चं घेतलं. कागदावर लिहिलंय: "ग्रा. कार्ड ४ जीबी, १ नग." ना मॉडेल, ना सीरियल नंबर. आणि क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नाही, कुणा बाईंचं. "घरचंच खातं आहे." पुढे सगळीकडे हाच कागद आणि हेच खातं माझ्या अंगावर आलं.

घरी आल्यावर डेस्कटॉप छान दिसला. एडिटिंगचं प्रीमिअर उघडून हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे एक्स्पोर्टचं काम कार्डावर टाकायची सोय, निवडायला गेलो, तर पर्यायच बंद. ती सोय एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ च्या पिढीपासून आहे, हे कार्ड त्याच्याही आधीचं, येणार कुठून? नाइलाजाने फोर-केचा टाइमलाइन तसाच चालवला, तर निळा स्क्रीन. कंपनीचा ड्रायव्हर टाकला, पुन्हा निळा स्क्रीन.

भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, आधी जीपीयू-झेड टाक." कार्डाची खरी माहिती दाखवणारं फुकटचं, पिटुकलं सॉफ्टवेअर आहे, इन्स्टॉलसुद्धा करावं लागत नाही. उघडलं, तर कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात चक्क 'फेक' लिहिलेलं. खाली चिप जीएफ११६, शेडर (चिपमधली हिशेब करणारी युनिटं) १९२. खऱ्या १०५० टीआयला जीपी१०७ असतं आणि ७६८. ही खोटी कार्डं ओळखायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून आहे. पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानदाराच्याच मशीनवर चालवायला लावा. नाही म्हणाला तर उठा. मेकॅनिकने हीटसिंक काढून चिपवरची वाळलेली पेस्ट पुसली, तर तिथेही बारीक अक्षरांत जीएफ११६. "हे साडेपाचशे टीआय असणार," म्हणजे जुनं जीटीएक्स ५५० टीआय, तो म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं मला ८,२५० पेक्षा जास्त लागलं.

दुकानदार आधी म्हणाला, मशीनचा दोष. मग म्हणाला, नेटवरचा ड्रायव्हर टाकलात, वॉरंटी गेली. मग ब्लॉक.

आता आपल्या यंत्रणेची कथा. इथल्या पोलीस ठाण्यात गेलो तर, "खरेदी पुण्यात ना? पुण्याला जा." पुण्यातल्या ठाण्यात फोन केला तर, "राहता कुठे? तिकडेच द्या." झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं आहे. हे मी म्हणालो तर साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "वकील आहात का?" मग नवीन सूर. वस्तू दिली ना त्याने? मग फसवणूक कसली, हा तुमचा आपसातला व्यवहार. अहो, सोनं म्हणून पितळ दिलं तरी वस्तू दिलीच की! चारशेवीसच्या जागी आता न्यायसंहितेचं कलम ३१८ आलं, पण टेबलापलीकडची उत्तरं जुनीच. सायबरवाल्या टेबलावर विचारलं, "ओटीपी दिला होता का?" नाही. "लिंकवर क्लिक केलं?" नाही. "मग हे सायबरमध्ये बसत नाही." म्हणजे मी आणखी थोडा मूर्खपणा केला असता तर माझी तक्रार घेतली असती! बँकेने तर एका वाक्यात संपवलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. ठाण्यात शेवटी अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब बंदोबस्ताला. गणपती नाही, निवडणूक नाही, कसला बंदोबस्त देव जाणे. पोच घेतल्याशिवाय हलू नका, नाहीतर तुमचा अर्ज कधी नव्हताच.

शेवटी ग्राहक आयोग. तिथल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी पहिलंच वाक्य टाकलं, "धंद्यासाठी घेतलंत ना? मग तुम्ही ग्राहक नाही." घाबरून परत येऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस वस्तू स्वतः वापरत असेल तर तो ग्राहकच. तक्रारही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या गावी जायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. खिडकीवर यातलं काही सांगत नाहीत. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, तिथे नोंद करून नंबर घेऊन ठेवा. माझी तक्रार दाखल झालीय, तारखेची वाट बघतोय. कच्च्या बिलामुळे विरोधी वकील नाचणार हे माहीत आहे, पण युपीआयचा व्यवहार आणि चॅटमध्ये त्यानेच पाठवलेला कार्डाचा फोटो माझ्याकडे आहे. त्या फोटोत व्हीजीए पोर्ट दिसतो.

बाकी दुकानदार सगळे असेच, असं नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी वर्षानुवर्षं वायरी, कार्ड रीडर घेतोय, तिथे कुणी फसवलेलं नाही. हे दुकान तिथलं नव्हे.

याच पद्धतीने, ओसी एडिशन सांगून, व्हीजीएवालं टेन फिफ्टी टीआय पुण्यात कुणी घेतलं असेल तर कार्ड फेकू नका, उघडू नका, आणि दुकानदाराला "बदलून द्या" म्हणून परतही करू नका, तेवढाच पुरावा आहे. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट, बिलाचा चिटोरा आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. एकाच दुकानदाराने फसवलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. मला कळवा, दुकान एकच निघालं तर वकिलाचा खर्च वाटून घेऊ.