गोव्यानंतरचा हिवाळा: मुंबईची फुल मॅरेथॉन की २०० ची बीआरएम?

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ चं (१.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी अर्धी मॅरेथॉन) पदक मिरामारला गळ्यात पडतं आणि पुढच्या दोन आठवड्यांत पहाटेचा गजर बंद करून पुन्हा झोपायची सवय लागते. याला आळस म्हणणं बरोबर नाही. सहा-सात महिने ज्या तारखेकडे बघून उठत होतो, ती तारीखच संपलेली असते. पुढच्या गोव्याची तयारी खऱ्या अर्थानं मे-जूनमध्ये सुरू होते. तोवर सराव टिकवायचा तर मध्ये दुसरी एखादी तारीख लागते. पुण्या-नाशिककडच्या हौशी ट्रायअॅथलीटपुढे अशा दोन तारखा असतात: जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, नाहीतर डिसेंबरातली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. मी दोन्ही केल्या आहेत आणि दोन्हींनी मला अंथरुणातून उठवलं आहे. तरी आज कोणी विचारलं तर माझा कौल थोडा बीआरएमकडे पडतो. त्याचं कारण पोहण्याच्या तलावात आहे. ते पुढे येईलच.

आधी कॅलेंडर बघा. गोव्याची शर्यत दर वर्षी त्याच आठवड्यात होत नाही, आणि सगळा हिशेब तिथे बदलतो. २०२३ मध्ये ती ८ ऑक्टोबरला झाली आणि मुंबई मॅरेथॉन २१ जानेवारीला, म्हणजे मध्ये पंधरा आठवडे मिळाले. पुढच्या वर्षी २७ ऑक्टोबर ते १९ जानेवारी, बारा आठवडे. २०२५ मध्ये ९ नोव्हेंबर ते १८ जानेवारी, जेमतेम दहा. या दहातले पहिले दोन पायांना द्यायचे, कारण ७०.३ ची शेवटची अर्धी मॅरेथॉन उन्हात झालेली असते आणि पोटऱ्या, मांड्या वरून बऱ्या वाटल्या तरी आतून सावरलेल्या नसतात. शेवटचे दोन टेपरचे, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेण्याचे. उरले सहा. या सहांत लाँग रन १६ वरून ३० पर्यंत न्यायचा तर क्रम साधारण १६, २०, २४, १८, २७, ३० असा बसतो. मधला १८ चा आठवडा विश्रांतीचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. मग नडगी दुखते किंवा सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते. पंधरा आठवडे असतील तर हाच क्रम निवांत होतो. त्यामुळे पहिला प्रश्न असा: यंदा तुमच्याकडे आठवडे किती आहेत? बारा किंवा जास्त असतील तर मॅरेथॉनचं पारडं बरंच जड होतं, हे मान्य करायला हवं.

मॅरेथॉनच्या बाजूनं आणखीही बरंच आहे. गोव्यात आपल्यापैकी बहुतेकांची शर्यत सायकलवर बिघडत नाही, ती धावण्यात बिघडते, आणि हिवाळाभर आठवड्याला ४५-५० किलोमीटर धावलेल्या पायांना त्याचा फायदा पुढे होतोच. कामाच्या दिवशी तास-सव्वा तासात भागतं. साहित्य म्हणजे बूट. धावणाऱ्यांचे ग्रुप जवळपास प्रत्येक उपनगरात आहेत आणि सकाळी साडेपाचला कोपऱ्यावर चार जण वाट बघत असले की उठावंच लागतं. शर्यतीच्या दिवशी मुंबई ज्या प्रेमानं रस्त्यावर उतरते त्याला तोड नाही. नोंदणी मात्र काही महिने आधी, पावसाळ्यातच करावी लागते. म्हणजे हा निर्णय गोव्याच्या आधी, डोकं गोव्यात असताना घ्यायचा असतो.

आता ती अडचण. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान १०-१२ अंशांवर येतं आणि आपले बहुतेक तलाव उघडे, पाणी न तापवणारे असतात. रविवारी २४-२७ किलोमीटर धावून मंगळवारी सकाळी अशा पाण्यात उतरलं की तिसऱ्या-चौथ्या लांबीला, भिंतीला पाय मारून सुटताना, पोटरीत गोळा येतो. एकदा आला की त्या सत्रात पुन्हा पुन्हा येतो. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. धावताना प्रत्येक पावलाला पोटरीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्यातून होणारी झीज आणि ठणका पुढचे दोन-तीन दिवस राहतो. पोहताना पायाची बोटं मागे ताणलेली असतात, म्हणजे पोटरी आखडलेल्या स्थितीत असते. गार पाण्यात ती आणखी घट्ट होते. त्यात भिंतीला जोरात रेटा दिला की आखडलेला, दमलेला स्नायू सुटायचं विसरतो.

यावर उपाय आहेत. पाण्यात उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं टाचा वर-खाली करायच्या, पहिले ३०० मीटर मांड्यांत पुलबॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) धरून पोहायचं, वळताना भिंतीला फक्त टेकून सुटायचं, फिन्स घरी ठेवायचे. गोळा आलाच तर पाय सरळ करून पंजा हातानं नडगीकडे ओढायचा आणि स्नायू सैल होईपर्यंत धरून ठेवायचा. चोळायला लगेच सुरुवात करायची नाही. सगळं करूनही मंगळवार हातचा जातोच. मग पोहणं गुरुवार-शनिवारवर ढकललं जातं. शनिवारी उद्याच्या लाँग रनसाठी पाय जपायचे असतात, गुरुवारी ऑफिस आडवं येतं, आणि तुळशीचं लग्न झालं की घरोघरी लग्नसराई सुरू होते. तीन दिवसांचं पोहणं आधी दोनवर आणि नाताळापर्यंत एकावर येतं. त्या एका दिवशीही पाण्यात उतरायची इच्छा उरत नाही, कारण मनात गोळ्याची धास्ती असते. आपल्यापैकी बरेच जण वयाच्या पंचविशी-तिशीनंतर पोहायला शिकलेले. १.९ किलोमीटरसाठी एक तास दहा मिनिटांची मर्यादा ज्यांच्या डोक्यावर असते, त्यांनी तीन महिने पाणी सोडणं फार महाग पडतं. दम महिन्याभरात परत येतो, पाण्यावरची पकड येत नाही. माझ्यापुरता तराजू इथे कलला.

बीआरएममध्ये हा प्रश्न येत नाही. १२० किलोमीटर सायकल चालवून आलेल्या मांड्या दमलेल्या असतात, पण पोटरीला आपटलेलं नसतं. उलट पुढचे दोन दिवस मान आणि खांदे आखडलेले असतात, आणि ते सैल करायला ३० मिनिटांचं सावकाश पोहणं उत्तम. म्हणजे सोमवारचं पोहणं तोंडी लावण्यापुरतं का होईना, टिकतं. वेळ दुपारची मिळाली तर आणखी बरं, तीन ते पाचच्या दरम्यान वरचं पाणी उन्हानं जरा सोसवतं. हिवाळ्यात एका सत्रात दोन हजार मीटरचा हट्ट नको. आठ वेळा ५० मीटर तंत्रासाठी आणि आठ वेळा १०० मीटर, मध्ये १५ सेकंद थांबून. पस्तीस मिनिटांत बाहेर. अंगात थंडी भरण्याआधी बाहेर पडलं की परवा परत यावंसं वाटतं.

बीआरएमचं गणित वरून मोठं दिसतं, प्रत्यक्षात सौम्य आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ही शर्यत नाही, क्रमांक लागत नाहीत. गोव्यात ९० किलोमीटर जोर लावून चालवलेल्या माणसाला आणखी फक्त बसायची सवय लागते. त्यासाठी तीन शनिवार पुरतात: ८०, ११०, १४० किलोमीटर. चालत्या सायकलचा वेग २२ धरला तर नऊ तास आणि सगळे थांबे मिळून दीड तास. सकाळी सहाला सुटून संध्याकाळी पाचच्या आत परत. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, त्यामुळे उजेडातच घर गाठता येतं. वेळ बहुतेकांचा चालवण्यात जात नाही, थांब्यांवर जातो. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या थांब्यावर, आधी आपल्या बीआरएम कार्डावर शिक्का-सही घ्यायची किंवा वेळ छापलेली पावती खिशात टाकायची, मग पाणी भरायचं, मग खायचं. हा क्रम उलटा झाला की चहाच्या टपरीवर चाळीस मिनिटं जातात. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर घामानं शाई पसरते.

सायकलमध्ये थोडे बदल करावे लागतात. २५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतील आणि फ्रेममध्ये जागा असेल तर २८ चे घाला. सत्तर किलोच्या माणसाला ७५-८० पीएसआय पुरे, ११० भरून तळहात बधिर करून घेऊ नका. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंगावू लागलं तर हँडलवर टेपचा दुसरा थर चढवा आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला. दोन ट्यूब, लिव्हर, पंप, पॅच, साखळीची एक क्विक लिंक. पंक्चर काढताना टायरच्या आतून अंगठा फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. हिवाळ्यात कडेला बाभळीचे काटे पडलेले असतात, तो काटा टायरमध्ये तसाच राहतो आणि दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. कपडे थरांचे हवेत: पहाटे अकरा अंश आणि दुपारी अठ्ठावीस. हातांचे वॉर्मर आणि खिशात मावणारं विंडचीटर पुरतं, जाड जाकीट दुपारी ओझं होतं. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहून जातं आणि दुपारी डोकं दुखतं. तासाला अर्धा लिटर हा हिशेब घड्याळावर पाळा. खाणं तासाला ४०-५० ग्रॅम कर्बोदकं: एक केळं आणि दोन राजगिरा लाडू साधारण तेवढे होतात.

याची काळी बाजूही आहे, आणि ती रस्त्यावर आहे. नोव्हेंबरपासून कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. सातारा, फलटण, बारामतीकडच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत चालतात, आणि त्यातल्या बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवाच काय, रिफ्लेक्टरही नसतो. पहाटेच्या धुक्यात त्या वीस फुटांवर येईपर्यंत दिसत नाहीत. खाली सांडलेला ऊस पुढच्या चाकाखाली आला तर सायकल सरळ आडवी होते. म्हणून हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जाकीट, पुढे चांगला दिवा आणि मागे दोन (एक सीटखाली, एक हेल्मेटवर किंवा फ्रेमला) यांत काटकसर नको. साताऱ्याकडून परतताना खंबाटकीचा बोगदा लागतो. आत शिरण्याआधी काळा गॉगल काढा, दिवे लावा, कडेची रेघ धरून चला. ज्यांना या रस्त्यांची भीती वाटते त्यांची भीती रास्त आहे. त्यांनी केवळ माझ्या सांगण्यावरून सायकल काढू नये.

दुसरी उणीव वेगाची. महिनोन्‌महिने २२ च्या वेगानं चालवत राहिलं की पाय त्याच वेगाचे होतात. त्यासाठी बुधवारी घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) तीन वेळा दहा मिनिटं कठीण, मध्ये पाच मिनिटं हलकं, एवढं तरी हवंच. धावणंही सोडायचं नाही: मंगळवारी ६ किलोमीटर सोपं, गुरुवारी ८, त्यातले चार किलोमीटर जोरात पण मध्ये दोन-दोन मिनिटं चालून, आणि रविवारी १२. आठवड्याला २६ किलोमीटर. पोटरी शाबूत राहते आणि मार्चमध्ये लाँग रन वाढवायला पाया तयार असतो.

उत्साहाच्या बाजूनं मला बीआरएमची एक गोष्ट फार मोलाची वाटते: ती महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा येते. डिसेंबरात ताप आला, घरात लग्न निघालं, तर मॅरेथॉनचे सहा आठवडे कोसळतात आणि तारीख वर्षभर परत येत नाही. बीआरएम हुकली तर पुढची धरता येते. पुणे, मुंबई, नाशिक अशा सगळीकडच्या क्लबांचं वेळापत्रक आधीच लागलेलं असतं. यातच एक मोहही आहे. एका हंगामात, १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबरमध्ये, २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलं की सुपर रँडोनर हा किताब मिळतो, आणि २०० झाल्यावर तो खुणावू लागतो. ट्रायअॅथलीटनं ३०० वर थांबावं असं मला वाटतं. ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास असतात, म्हणजे झोपमोड आलीच, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस ना धड पोहणं होतं ना धावणं.

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांसाठी माझं मत वेगळं आहे. तिथे जानेवारीतही पाणी इतकं गार होत नाही, सायकलला मात्र शहराबाहेर पडेपर्यंतच तास जातो. तुम्ही मॅरेथॉन धरलीत तर योग्यच. ज्यांच्या सोसायटीत तापवलेल्या पाण्याचा तलाव आहे, किंवा ज्यांचं पोहणं लहानपणापासूनचं पक्कं आहे आणि धावणंच कच्चं आहे, त्यांनीही मॅरेथॉनच घ्यावी. घरात लहान मूल असेल तर शनिवारचे अकरा तास कोणाकडून मागायचे, हा प्रश्न आधी सोडवा. नोंदणी झालेलीच असेल आणि मध्ये दहाच आठवडे असतील, तर वेळेचं लक्ष्य सोडून नऊ मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं पूर्ण करा आणि लाँग रन २६ वर थांबवा.

बाकीच्यांनी डिसेंबरच्या मध्यावर २०० लावावी, जमलं तर जानेवारीअखेर ३००. फेब्रुवारीत पाण्याचा गारठा कमी होतो. तोवर आठवड्याचे तीन पोहण्याचे दिवस शाबूत असतील, तर प्रत्येकात पाचशे मीटर वाढवायला हरकत नाही.