न्यू जर्सीत धंदा आहे, मग सर्वेक्षण न्यूयॉर्कचं वाचायचं की फिलाडेल्फियाचं?

एडिसन आणि प्रिन्स्टन एकाच राज्यात असले तरी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या (‘फेड’, म्हणजे देशाची मध्यवर्ती बँक) हिशेबात ते तिच्या वेगवेगळ्या प्रादेशिक बँकांच्या घरचे. न्यू जर्सीच्या 21 काउंट्यांपैकी उत्तरेकडच्या 12 न्यूयॉर्क फेडच्या हद्दीत येतात, दक्षिणेकडच्या 9 फिलाडेल्फिया फेडच्या. एडिसन मिडलसेक्समध्ये, म्हणजे न्यूयॉर्ककडे. प्रिन्स्टन मर्सरमध्ये, म्हणजे फिलाडेल्फियाकडे. गोदाम वाढवायचं का, दोन माणसं घ्यायची का, हे ठरवताना राज्याच्या जीडीपीचा आकडा फारसा कामाला येत नाही. तो हातात पडेपर्यंत तिमाही उलटून गेलेली असते. या प्रादेशिक बँका दर महिन्याला कंपन्यांना ‘धंदा वाढला की घटला’ असं विचारतात; ती सर्वेक्षणं मात्र चालू महिन्याचं चित्र त्याच महिन्यात देतात, तीही फुकट.

कारखानदारीसाठी दोन नावं सारखी कानावर येतात. फिलाडेल्फियाचं सर्वेक्षण 1968 पासून चालू आहे, त्यामुळे कित्येक मंद्या त्यात नोंदल्या गेल्यात. न्यूयॉर्कचं ‘एम्पायर स्टेट’ 2001 पासूनचं, पण महिन्याच्या मध्याला येतं आणि बहुतेक वेळा आधी येतं, म्हणून बातम्यांत भाव खातं. एडिसनवाल्यांची इथेच फसगत होते: एम्पायर स्टेट फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यांना विचारतं. हद्द न्यूयॉर्क फेडची असली तरी उत्तर न्यू जर्सीचा कारखाना त्यात नसतो. फिलाडेल्फियाच्या सर्वेक्षणात पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरबरोबर दक्षिण न्यू जर्सीही असते.

आकडा कसा निघतो, ते एकदा हाताने करून बघा. समजा 100 कंपन्यांपैकी 35 म्हणाल्या धंदा वाढला, 40 म्हणाल्या तेवढाच आहे, 25 म्हणाल्या घटला. फेडचा निर्देशांक 35 वजा 25, म्हणजे अधिक 10. हीच उत्तरं आयएसएमच्या (देशभरच्या कारखान्यांचं मासिक सर्वेक्षण करणारी खरेदी व्यवस्थापकांची संस्था) पद्धतीने मोजली, तर 35 मध्ये 40 चे निम्मे मिळवून 55. भारतातल्या बातम्यांत येणारा पीएमआय (खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक) हाही असाच 50 ला तोलतात. म्हणजे फेडचा 10 आणि आयएसएमचा 55 यांत काही फरक नाही. ‘बदल नाही’ची खूण शून्यावर धरली की 50 वर, एवढाच प्रश्न.

पण दोन्हींत एक खोट आहे. पाचशे माणसं काढणारी कंपनी आणि दोन माणसं घेणारी कंपनी, दोघींना मत एकेकच. किती जणांचं वाढलं हे कळतं, किती वाढलं हे कळत नाही. शिवाय फेडच्या या दोन्ही सर्वेक्षणांचा मथळ्यातला आकडा ‘एकूण परिस्थिती कशी वाटते’ या एका वेगळ्या प्रश्नाचा असतो. तो ऑर्डरी, माल रवानगी आणि नोकऱ्या यांची बेरीज नव्हे. उत्तर देणाऱ्याने सकाळी कुठली बातमी वाचली, तेही त्यात उतरतं. म्हणून माझा सल्ला: मथळा सोडा, नव्या ऑर्डरी बघा. तुम्ही माल विकत घेणारे असाल तर कच्च्या मालाच्या किमतींची ओळ आधी. सहा महिन्यांनंतरच्या अपेक्षांवर मी फारसा विसंबत नाही; धंदेवाल्याला पुढचं बहुधा चांगलंच दिसतं.

एका महिन्यावर उडी मारणाऱ्यांनी एप्रिल 2023 आठवावा. एम्पायर स्टेट अधिक 10.8 आला, फिलाडेल्फिया उणे 31.3. दोन्ही शेजारी, महिना एकच. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला देशाचा एप्रिलचा आयएसएम आला 47.1, 50 च्या खाली, म्हणजे कारखानदारी आकसतच होती. मेमध्ये एम्पायर स्टेटही उणे 31.8 वर आपटला. शंभर-सव्वाशे उत्तरांवर उभ्या असलेल्या आकड्याचं असं होणारच, तेव्हा तीन महिन्यांची सरासरी काढून बघावी. मोठा धक्का मात्र सरासरीशिवायही दिसतो: एप्रिल 2020 मध्ये एम्पायर स्टेट उणे 78.2 आणि फिलाडेल्फिया उणे 56.6 होता.

आपल्यातले बरेच जण कारखानदार नाहीतच. आयटी, किराणा, हॉटेल, हिशेबनिशी असले धंदे. त्यांनी वरचं दोन्ही बाजूला ठेवावं. एडिसनवाल्यांसाठी न्यूयॉर्क फेडचं सेवा क्षेत्राचं ‘बिझनेस लीडर्स’ सर्वेक्षण आहे आणि त्यात उत्तर न्यू जर्सी खरोखरच येते. प्रिन्स्टन, चेरी हिलवाल्यांसाठी फिलाडेल्फियाचं बिगर-कारखानदारी सर्वेक्षण. ते 2011 पासूनचं, म्हणून 2008 च्या मंदीशी ताडून बघता येत नाही.

राहिलं बेज बुक, हा फेडचाच एक अहवाल. वर्षातून आठ वेळा येतं, त्यात निर्देशांक नसतो, प्रत्येक हद्दीतल्या धंदेवाल्यांशी झालेल्या बोलण्याचा गोषवारा असतो. ‘किंचित’, ‘माफक’ असल्या शब्दांनी कधीकधी जीव जातो. पण माणसं मिळत नाहीत म्हणून धंदा अडलाय की गिऱ्हाईक नाही म्हणून, हे आकड्यात दिसत नाही, तिथे वाचायला मिळतं. माणसं घ्यायचा निर्णय असेल तर मी आपल्या हद्दीचं ते प्रकरण आधी वाचेन, मग सेवा क्षेत्राच्या सर्वेक्षणातली नोकऱ्यांची आणि पगाराची ओळ. गोदामाचा निर्णय असेल आणि गिऱ्हाईक कारखाने असतील, तर फिलाडेल्फियाच्या नव्या ऑर्डरी, मग तुम्ही राहायला एडिसनमध्ये का असेना.